बॅन फासा: आयर्लंडच्या खेड्यांतल्या जाणत्या बायका

एकोणिसाव्या शतकात आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या क्लेअर, गॉलवे, केरी, मेयो अशा काउंट्यांमध्ये एखाद्या घरातले धडधाकट मूल अचानक सुकू लागले, दुभती गाय आटली किंवा कितीही घुसळले तरी लोणी येईनासे झाले, की त्या घरापुढे दोन प्रश्न उभे राहत. पहिला प्रश्न, यावर उपाय काय. आणि दुसरा, त्याहून जास्त छळणारा, की हे आपल्याच वाट्याला का आले. पहिल्या प्रश्नासाठी झाडपाल्याची माहिती असलेली शेजारीण होती, हाडे बसवणारा होता आणि १८५१ नंतर सरकारी दवाखान्याचा डॉक्टरही होता. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र लोक मैलोन् मैल चालत एका वेगळ्याच बाईकडे जात. आयरिश भाषेत तिला ‘बॅन फासा’ म्हणत, म्हणजे जिच्यापाशी ज्ञान आहे अशी स्त्री. या लेखापुरते आपण तिला जाणती म्हणू.

या जाणत्या बायकांविषयी आज जे लिहिले जाते त्यात कधी त्यांना निसर्गोपचाराच्या आद्य पुरस्कर्त्या ठरवले जाते, तर कधी चेटकिणी. ही दोन्ही चित्रे मला अपुरी वाटतात, कारण दोन्हींत त्यांचे खरे काम झाकले जाते. औषधाची बाटली देणे हा त्यांच्या कामाचा शेवटचा आणि पुष्कळदा किरकोळ भाग होता. आलेले संकट कोठून आले, ते परतवता येण्याजोगे आहे की नाही, आणि त्यासाठी घरातल्या माणसांनी आपल्या वागण्यात नेमके काय बदलायचे, हे सांगणे हे त्यांचे मुख्य काम होते. हे ध्यानात घेतले की त्यांच्याविषयीच्या कथांतल्या बऱ्याच विचित्र वाटणाऱ्या गोष्टींची संगती लागते.

त्याआधी खेड्यातली उपचार करणारी माणसे वेगवेगळी करून पाहिली पाहिजेत, कारण परदेशी वाचकाकडून त्या सगळ्यांची सरमिसळ होते. झाडपाल्याचे औषध देणारे पुरुष आणि स्त्रिया असत. त्यांचे ज्ञान वनस्पतींचे होते आणि ते शिकता, शिकवता येत असे. हाडे बसवणारे बहुधा विशिष्ट घराण्यांतले असत, आणि त्यांच्या हाताला गुण आहे अशी ख्याती दोन-तीन पिढ्या टिके. सुईण ही तिसरी. इंग्रजी बोलणाऱ्या भागात तिला ‘हँडीवुमन’ म्हणत, आणि बाळंतपण उरकणारी हीच बाई गावात कोणी गेले की प्रेताला आंघोळ घालून कपडे चढवण्यासाठीही बोलावली जाई. १९१८ च्या कायद्याने सुईणींना नोंदणी सक्तीची झाली आणि पुढच्या काळात विनापरवाना बाळंतपणे करणाऱ्यांवर बंधने वाढत गेली, तशी ही हँडीवुमन मागे पडली. चौथा प्रकार म्हणजे एखाद्या एकाच रोगावरचा उतारा ज्यांच्याकडे वंशपरंपरेने चालत आला आहे अशी साधी शेतकरी माणसे. त्यांच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. जाणती या सगळ्यांहून निराळी होती. एका काउंटीत अशा बायका मोजक्याच असत, पण त्यांचे नाव चार काउंट्यांत पोहोचलेले असे.

तिचे काम कळण्यासाठी ती ज्या जगात वावरत होती ते जग समजून घ्यावे लागते. आयर्लंडच्या ग्रामीण समजुतीनुसार माणसांच्या शेजारी दुसऱ्या एका जमातीची वस्ती होती. तिला आयरिशमध्ये ‘शी’ म्हणतात. ‘परी’ हा शब्द वापरला की आपल्या डोळ्यांसमोर पंखांची नाजूक मुलगी येते, म्हणून तो येथे टाळलेला बरा. शी लोक माणसांएवढेच उंच होते, त्यांची स्वतःची गुरेढोरे होती, ते हर्लिंग हा मैदानी खेळ खेळत, लग्ने करत आणि आपसांत लढतही. त्यांचे नाव उघडपणे घ्यायचे नाही, ‘भली माणसे’ असे म्हणायचे, म्हणजे ती रागावत नाहीत, असा संकेत होता. त्यांची घरे म्हणजे मातीच्या गोल बांधांनी वेढलेल्या जुन्या गढ्या. प्रत्यक्षात या गढ्या मध्ययुगाच्या आरंभीच्या शेतकऱ्यांच्या वस्त्यांचे अवशेष आहेत आणि आयर्लंडभर त्या सुमारे ४५,००० आहेत, म्हणजे जवळपास प्रत्येक गावाच्या शिवारात एक तरी सापडतेच. अशा गढीतली माती उकरायची नाही, शेतात एकटेच उभे असलेले पांढऱ्या फुलांचे काटेरी झाड तोडायचे नाही, आणि एका गढीपासून दुसऱ्या गढीपर्यंत जाणाऱ्या त्यांच्या अदृश्य वाटेवर घर बांधायचे नाही, हे नियम लहान मुलालाही पाठ असत.

हे नियम मोडले की त्रास सुरू होई. शी लोक माणसांना ‘नेत’ असत, असे मानले जाई; विशेषतः तान्ही मुले, नुकत्या बाळंत झालेल्या बायका आणि देखणे तरुण. नेलेल्या माणसाच्या जागी ते त्याच्यासारखे दिसणारे, पण चिडके, किरकिरे, काही केल्या अंगी न लागणारे दुसरेच कोणी ठेवून जात. आजच्या वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर क्षयाने झिजणारी मुलगी, बाळंतपणानंतर मनाने खचलेली आई, जन्मजात व्यंग असलेले मूल आणि पक्षाघाताने एका रात्रीत बदललेला पुरुष अशी कितीतरी दुखणी या एका समजुतीत सामावलेली दिसतात. ज्या काळात यांपैकी कशाचेही कारण कोणाला ठाऊक नव्हते, त्या काळात या समजुतीने निदान बोलण्यासाठी एक भाषा पुरवली होती.

आता जाणतीकडे गेलेल्या माणसाचे काय होई ते पाहू. लोककथांमध्ये हा प्रसंग जवळजवळ ठरलेल्या साच्यात येतो. माणूस घोड्यावरून किंवा पायी निघतो, आणि तो तिच्या उंबऱ्याशी पोहोचतो तेव्हा ती दारातच उभी असते. तोंड उघडण्याआधीच ती त्याचे नाव घेते, तो कशासाठी आला ते सांगते, आणि वाटेत त्याच्या मनात आलेली शंकाही त्याला ऐकवते. मग ती विचारते, किंवा स्वतःच सांगते, की गेल्या वर्षी तू गोठा वाढवलास, त्याच्या दाराने त्यांची वाट अडली आहे. ते दार बुजव आणि दुसऱ्या बाजूने उघड. कधी कारण याहूनही क्षुल्लक असते: अंधार पडल्यावर पाय धुतलेले पाणी तुझ्या घरातून सावध न करता बाहेर भिरकावले गेले आणि ते जाणाऱ्या कोणाच्या अंगावर पडले. शेवटी ती एखादी बाटली हातात देते आणि अटी घालते. वाटेत कोणाशी बोलायचे नाही, मागे वळून पाहायचे नाही, अमुक पुलाजवळ घोडा बुजेल तेव्हा बाटली घट्ट धरायची. बाटली फुटली तर रोगी वाचणार नाही, असे समजायचे.

या प्रसंगात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोठ्याच्या दाराची गोष्ट. संकटापुढे हतबल झालेल्या घराला ती करण्याजोगे एक काम देते. ते काम कष्टाचे असते, पण आवाक्यातले असते, आणि त्यात कोणा शेजाऱ्यावर ठपका येत नाही. बाटलीच्या अटींमुळे घरी परतणारा माणूस उपचारात स्वतः सामील होतो. आणि काही वेळा जाणती सरळ सांगते, की उशीर झाला, आता माझ्या हातात काही नाही. हे सांगण्याचा अधिकार तिला होता, आणि खोटी आशा न लावणे हाही तिच्या कामाचा भाग होता, याची पुरेशी दखल घेतली जात नाही.

या बायकांपैकी सर्वांत प्रसिद्ध झाली ती क्लेअर काउंटीची बिडी अर्ली. तिचा जन्म १७९८ चा, म्हणजे इंग्रजांविरुद्ध मोठा उठाव झाला त्या वर्षीचा. गरीब शेतकऱ्याची ही मुलगी लहान वयात आईवडिलांना मुकली आणि घरदारही गमावून बसली. पुढे फीकल गावाजवळ किलबॅरन तळ्यावरच्या टेकाडावर दोन खोल्यांच्या झोपडीत तिने संसार केला. एकामागून एक तीन नवरे वारले आणि सत्तरीत तिने चौथे लग्न केले, तेही वयाने तिच्यापेक्षा पुष्कळ लहान असलेल्या माणसाशी. १८७४ साली ती गेली. तिच्याकडे एक निळी बाटली होती, तिच्यात डोकावून ती घडलेले आणि घडणारे पाहत असे, असे लोक सांगत. ती बाटली तिला कोणी दिली याविषयी एकमत नाही. कोणी मेलेल्या भावाचे नाव घेतो, कोणी मुलाचे, कोणी नवऱ्याचे, पण ती मुळात शी लोकांकडून आली यावर सगळ्यांचे एकमत आहे.

बिडी पैसे मागत नसे. लोक व्हिस्की, पोटीन नावाची घरगुती दारू, लोणी, अंडी, खारवलेले डुकराचे मांस असे काहीबाही आणत, त्यामुळे त्या झोपडीत खाण्यापिण्याची चंगळ असे आणि पत्त्यांचा डावही रंगे. पाद्रींना हे खपत नव्हते. चर्चमधून तिच्याकडे जाण्याविरुद्ध प्रवचने होत, आणि तिच्या घराच्या रस्त्यावर चाबूक घेऊन उभ्या राहणाऱ्या पाद्रींच्या कथा आहेत. लोकपरंपरा असे सांगते की १८६५ साली तिला एनिस येथील न्यायालयात जादूटोण्याच्या आरोपावरून उभे केले गेले, पण साक्ष द्यायला कोणी पुढे न आल्याने खटला बारगळला. आयर्लंडमधला चेटूकविरोधी कायदा १८२१ सालीच रद्द झाला होता, त्यामुळे या कथेकडे थोडे सावधपणेच पाहिले पाहिजे. तरी लोक तिच्याविरुद्ध बोलायला तयार नव्हते, हा या कथेचा गाभा पटण्यासारखा आहे. मरताना तिने पाद्रीला बोलावले, धर्मविधी करून घेतले, आणि ती निळी बाटली पाद्रीने किलबॅरन तळ्यात फेकून दिली, असेही सांगतात.

तिच्याविषयी आपल्याला इतके माहीत आहे याचे श्रेय मुख्यतः लेडी ऑगस्टा ग्रेगरी यांना जाते. गॉलवेतल्या कूल पार्क येथे राहणाऱ्या या जमीनदार घराण्यातल्या लेखिकेने एकोणिसावे शतक संपताना आसपासच्या खेड्यांत फिरून बिडीला प्रत्यक्ष भेटलेल्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत उतरवून घेतल्या, आणि १९२० साली त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. या आठवणींत एक सूर सारखा ऐकू येतो: बिडीने कोणाला बरे केले की त्याची किंमत कोठेतरी चुकती करावी लागे. रोगी वाचला तर गोठ्यातले वासरू मरे, आणि शी लोकांच्या हातून माणूस सोडवून आणल्याबद्दल त्यांचा रोष खुद्द बिडीला भोगावा लागे. म्हणून ती कित्येकदा उपचार करायला नाखूश असे. सत्ता आणि जोखीम या दोन्ही गोष्टी लोकांना तिच्यात एकत्र दिसत होत्या.

मृत्यूनंतरही तिचे नाव कामाला येत राहिले. क्लेअरच्या हर्लिंग संघाने १९१४ साली अखिल आयर्लंड अजिंक्यपद मिळवले आणि त्यानंतर थेट १९९५ साली. मधल्या एक्क्याऐंशी वर्षांच्या अपयशाला लोक बिडी अर्लीचा शाप म्हणत. ही स्पर्धा चालवणारी संघटना १८८४ साली, म्हणजे बिडी गेल्यानंतर दहा वर्षांनी स्थापन झाली होती, ही अडचण कोणालाच मोठी वाटली नाही.

चर्च आणि जाणती यांच्यातला संघर्ष श्रद्धा विरुद्ध अंधश्रद्धा इतका सरळ नव्हता. खेड्यातल्या लोकांच्या दृष्टीने पाद्रीसुद्धा उपचार करू शकणारा माणूस होता. विशेषतः वरिष्ठांनी पदावरून दूर केलेल्या पाद्रीच्या अंगी रोग बरा करण्याची शक्ती असते, असा दृढ समज होता. संतांच्या नावाच्या पवित्र विहिरींभोवती प्रदक्षिणा घालून शेजारच्या झाडाला चिंधी बांधणे आणि संत ब्रिजिडच्या सणाच्या आदल्या रात्री, ३१ जानेवारीला, कापडाचा तुकडा घराबाहेर ठेवून तो वर्षभर डोकेदुखीवर वापरणे या गोष्टी चर्चला जाणारी माणसेच करत होती. म्हणजे पाद्री आणि जाणती हे काही अंशी एकाच मागणीसाठी झगडणारे दोघे होते. त्यांच्यात भर पडली ती दवाखान्याच्या डॉक्टरची. १८४५ साली सुरू झालेल्या महादुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसे मेली आणि साधारण तितकीच देश सोडून गेली. त्या तडाख्यानंतर १८५१ च्या कायद्याने देशाची सातशेहून अधिक दवाखाना-क्षेत्रांत विभागणी झाली. गरिबाला डॉक्टर फुकट मिळे, पण त्यासाठी आधी गावातल्या अधिकाऱ्याकडून चिठ्ठी मिळवावी लागे. दवाखान्यात जायचे तर काळी, घरी बोलवायचे तर लाल. चिठ्ठी देणारा अधिकारी बहुधा जमीनदाराच्या बाजूचा असे. जाणतीकडे जायला चिठ्ठी लागत नव्हती.

झाडपाल्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याविषयी अवास्तव दावे फार होतात. जखमेवर ‘स्लॉनलस’ म्हणजे आपल्या इसबगोलाच्याच कुळातल्या, ठळक उभ्या शिरांच्या एका वनस्पतीची पाने बांधत. छातीच्या दुखण्यावर समुद्रातले कॅरागीन नावाचे शेवाळ दुधात उकळून देत, आणि क्षयावर मुलीन या वनस्पतीची पाने दुधात उकळून. दलदलीतल्या स्फॅग्नम शेवाळाने जखमा बांधण्याची रीत इतकी उपयुक्त होती की पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या मलमपट्टीसाठी ते शेवाळ आयर्लंडमधूनही मोठ्या प्रमाणावर गोळा केले गेले. याउलट फॉक्सग्लव्ह ही जांभळ्या घंटांसारख्या फुलांची वनस्पती शी लोकांची समजली जाई आणि ‘बदललेल्या’ मुलावर तिच्या रसाचे थेंब वापरत. हृदयरोगावर दिले जाणारे डिगॉक्सिन हे औषध फॉक्सग्लव्हच्याच जातकुळीतून मिळते, आणि इंग्लंडमधले डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली या वनस्पतीवर लिहिले ते एका म्हातारीच्या घरगुती काढ्याचा धागा पकडून. पण तिची औषधी मात्रा आणि विषारी मात्रा यांत फार थोडे अंतर असते. अशक्त बालकाच्या जिभेवर तो रस टाकणे किती धोक्याचे होते, हे वेगळे सांगायला नको.

आता त्या चौथ्या प्रकाराकडे, म्हणजे ‘क्युअर’ जवळ असणाऱ्या माणसांकडे वळू. आयर्लंडमध्ये आजही एखाद्याविषयी ‘त्यांच्याकडे नागिणीचा क्युअर आहे’ असे सहज म्हटले जाते. हा एक विशिष्ट उतारा असतो, एकाच रोगापुरता: नागीण, गजकर्ण, चामखीळ, डांग्या खोकला, कावीळ, भाजणे, मुरगळ. तो एखाद्या घराण्यात वारशाने येतो, आणि काही घराण्यांत पुरुषाकडून स्त्रीकडे, स्त्रीकडून पुरुषाकडे असाच द्यायचा असतो. काही माणसांना तो केवळ जन्माच्या योगाने मिळतो. सातवा मुलगा, मध्ये एकही मुलगी न होता जन्मलेला, हा तर जन्मतःच वैद्य; त्याची परीक्षा घेण्यासाठी तान्हेपणी त्याच्या मुठीत गांडूळ ठेवत आणि ते मेले तर त्याला शक्ती आहे असे मानत. बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलाने तोंड आलेल्या बाळाच्या तोंडात फुंकर घातली की गुण येई. माहेरचे आणि सासरचे आडनाव एकच असलेल्या बाईच्या हातची भाकरी डांग्या खोकल्यावर देत. त्याच खोकल्यासाठी पांढऱ्या घोड्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला थांबवून उपाय विचारत आणि तो जे तोंडाला येईल ते सांगे तेच करत. पाणसरड्याला जिभेने चाटलेल्या माणसाची जीभ भाजलेल्या जागेवर गुणकारी ठरे. आजारी मुलाला तीन वेळा गाढवाच्या पोटाखालून काढणे हाही सर्वज्ञात उपाय होता.

या सगळ्यांमागे नियमांची एक काटेकोर चौकट आहे. क्युअर असलेल्या माणसाने मोबदला मागायचा नाही, आणि रोग्याने त्याचे आभारही मानायचे नाहीत. आभार मानले तर गुण जातो. कोणी मागायला आले तर नाही म्हणायचे नाही, मग ते मध्यरात्री आले असले तरी. सोमवार आणि गुरुवार हे वार धरून तीनदा जायचे. म्हणायची प्रार्थना गुप्त ठेवायची, आणि ती बहुधा ख्रिस्ती प्रार्थनाच असते. माझ्या मते या चौकटीनेच ही परंपरा टिकवली. ज्याच्याकडे नागिणीचा क्युअर आहे त्याच्याकडे आज मी जाणार, आणि माझ्या घराण्यात चामखिळीचा असला तर उद्या तो माझ्याकडे येणार; पैसा मध्ये न आल्यामुळे उपचार हा शेजाऱ्यांमधल्या देण्याघेण्याचा भाग राहिला. या दुखण्यांपैकी बरीच आपोआप ओसरणारी आहेत, हेही खरे. नागीण साधारणपणे तीन-चार आठवड्यांत सुकते, चामखिळी कधी ना कधी गळतात. तीन भेटी आणि दोन-तीन आठवडे एवढा अवधी दिला की उपायाला यश येण्याची शक्यता चांगलीच असते.

इतकी तपशीलवार माहिती जपली गेली ती एका असाधारण उपक्रमामुळे. १९३५ साली आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन झाला, आणि १९३७ ते १९३९ या काळात त्याने देशातल्या सुमारे ५,००० प्राथमिक शाळांमधल्या वरच्या वर्गांतल्या मुलांना कामाला लावले. मुलांनी घरातल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आपापल्या वहीत लिहायचे: गावातले उतारे, विहिरी, गढ्यांच्या गोष्टी, दुष्काळाच्या आठवणी. वह्या आणि त्यांवरून केलेल्या प्रती मिळून सुमारे ७,४०,००० पाने जमली. ही पाने आता ‘दूखस’ या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. त्यात अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या ठळक, वळणदार अक्षरात ‘आमच्या भागातले उपाय’ या मथळ्याखाली ओळीने लिहिलेले असते, की डांग्या खोकल्याला फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याने पिऊन उरवलेले दूध, रक्त थांबायला कोळ्याचे जाळे आणि मे महिन्यात तीन वेळा खाजकुयलीसारख्या नेटल नावाच्या पाल्याचे जेवण. पाल्याच्या बाबतीत ‘तीन वेळा’ हा आकडा मुले विसरत नाहीत.

चेटकिणी म्हणून बायकांना जाळण्याची जी लाट युरोपभर उसळली ती आयर्लंडच्या गेलिक, म्हणजे मूळ आयरिश भाषा आणि संस्कृतीच्या, भागात जवळजवळ आलीच नाही. आयर्लंडमधले नोंदलेले चेटूक-खटले बोटांवर मोजता येतील: १३२४ साली किल्केनीत अ‍ॅलिस काइटलर प्रकरण झाले, ज्यात खुद्द अ‍ॅलिस निसटली आणि तिची दासी पेट्रोनिला जाळली गेली, १६६१ साली यॉलमध्ये फ्लॉरेन्स न्यूटनचा खटला चालला, आणि १७११ साली आयलंडमॅगी येथील आठ बायकांना शिक्षा झाली. हे खटले मुख्यतः इंग्रज आणि स्कॉटिश वसाहतींमधले आहेत. कारण काय, तर गेलिक खेड्यात संकटाचा ठपका सहसा शेजारणीवर न जाता शी लोकांवर जाई, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. शेजारणीचा संशय येत नसे असे नाही. मे महिन्याच्या पहिल्या पहाटे दुसऱ्याच्या शेतातले दव कापडाने टिपून त्याचे लोणी चोरणारी बाई ही सर्वांच्या भीतीचा विषय होती, आणि घुसळण चालू असताना घरात आलेल्या पाहुण्याने रवीला एकदा तरी हात लावलाच पाहिजे, नाहीतर लोणी त्याच्याबरोबर गेले असे समजत. पण हा संशय कुरबुरीपलीकडे सहसा जात नसे.

तरीही शी लोकांच्या समजुतीला निरुपद्रवी म्हणण्याची चूक कोणी करू नये. मार्च १८९५ मध्ये टिपररी काउंटीतल्या बॅलिव्हॅडली येथे ब्रिजेट क्लिअरी ही विशीतली विवाहित स्त्री आजारी पडली. ती शिवणकाम करणारी, स्वतःचे शिवणयंत्र असलेली, कोंबड्या पाळून हातात दोन पैसे राखणारी बाई होती. डॉक्टर येऊन गेला, पाद्री येऊन गेला. पण ही खरी ब्रिजेट नव्हे, तिला नेले आहे आणि हे दुसरेच कोणी आहे, अशी तिच्या नवऱ्याची आणि काही नातलगांची खात्री पटत गेली. झाडपाल्याच्या वैद्याकडून आणलेला काढा तिला बळजबरीने पाजला, ‘तू मायकल क्लिअरीची बायको आहेस का’ असे पुन्हा पुन्हा विचारले, चुलीपुढे धरले, आणि १५ मार्चच्या रात्री नवऱ्याने तिला जाळले. २२ मार्चला तिचे प्रेत उथळ खड्ड्यात सापडले. मायकल क्लिअरीला सदोष मनुष्यवधासाठी वीस वर्षांची सक्तमजुरी झाली आणि पंधरा वर्षांनी, १९१० साली, तो सुटला. आयर्लंडला स्वराज्य द्यावे की नाही हा वाद तेव्हा ऐन भरात होता, आणि आयरिश लोक राज्य करायला लायक नाहीत हे दाखवण्यासाठी ब्रिटिश वृत्तपत्रांनी या प्रकरणाचा भरपूर वापर केला. ज्या घरात नऊ-दहा माणसे हे सारे पाहत होती आणि एकानेही तिला बाहेर काढले नाही, त्या घराचा विचार केला की मला हे प्रकरण समजुतीइतकेच एका स्वतंत्र वृत्तीच्या बाईवरच्या धाकाचेही वाटते. ‘हे खरे माणूसच नव्हे’ असे म्हणण्याची सोय समजुतीने दिली. तिचा वापर कोणावर करायचा हे मात्र माणसांनी ठरवले.

एक अगदी वेगळे उदाहरण उत्तर आयर्लंडमधल्या फर्मॅना काउंटीतले आहे. तेथील बोहो गावच्या चर्चच्या आवारात १८१५ साली वारलेल्या फादर जेम्स मॅकगर यांची कबर आहे. रोग बरे करणारे म्हणून त्यांची ख्याती होती, आणि आपल्या पश्चात आपल्यावरची मातीच लोकांना बरे करील, असे ते सांगून गेल्याची समजूत आहे. लोक चिमूटभर माती कापडात बांधून नेत, उशाखाली ठेवत आणि चार दिवसांच्या आत परत आणून टाकत. २०१८ साली स्वान्सी विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी या मातीत स्ट्रेप्टोमायसिस गटातला एक नवा जिवाणू सापडल्याचे प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेत त्याने काही औषधांना न जुमानणाऱ्या रोगजंतूंची वाढ रोखली. स्ट्रेप्टोमायसिस हा गट प्रतिजैविकांसाठी आधीपासूनच प्रसिद्ध आहे आणि तो जगभरच्या मातीत आढळतो, त्यामुळे यावरून उशाखालच्या पुरचुंडीने रोग बरे होत होते असे सिद्ध होत नाही. पण कोठे शोधायचे हे परंपरेने सुचवले आणि शोधल्यावर काहीतरी हाती लागले, ही गोष्ट मोलाची आहे.

आज आयर्लंडमध्ये क्युअर जवळ असलेली माणसे पुष्कळ आहेत. नागिणीच्या किंवा गजकर्णाच्या उताऱ्यासाठी कोणाकडे जायचे हे खेड्यांमध्ये तोंडातोंडी कळते, आणि डॉक्टरांची औषधे चालू ठेवूनच लोक तिकडे जातात. १९९९ साली क्लेअरमध्ये लाटून येथे महामार्गाच्या आड येणारे शी लोकांचे काटेरी झाड कथाकार एडी लेनिहन यांच्या मोहिमेनंतर राखले गेले, आणि रस्ता त्याच्या बाजूने नेला. जाणती मात्र उरली नाही. क्युअरला फक्त एक रोग आणि एक विश्वासू शेजारी एवढेच लागते. डॉक्टरच्या जोडीने तो सहज नांदू शकतो. जाणतीला आणखी काही लागत होते. गोठ्याचे दार कोणाच्या वाटेत येते हा प्रश्न साऱ्या गावाला खरा वाटला पाहिजे, तरच त्याचे उत्तर देणारीला अधिकार उरतो. शाळा, वीज, सरकारी पशुवैद्य आणि बोस्टन-न्यूयॉर्कला निघून गेलेली तरुण पिढी यांच्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो प्रश्न विचारणारेच कमी होत गेले, आणि त्या वह्या लिहिणाऱ्या शाळकरी मुलांच्या पिढीने तिच्याविषयी जे ऐकले ते बहुतेक आजी-आजोबांच्या भूतकाळातले होते.